बाळूचं बोलणं

प्रिय बाळू,

तू गेल्याला वर्ष झालं. आज लिहायलेय ती तुझ्या लेकीमुळं, पूजामुळं. उद्या परभणीला तिची नोकरीची मुलाखत हाय आणि पोरगी सकाळपासून एकच म्हणायलीय, "आत्या, लोकांसमोर माझं तोंडच उघडत न्हाई. मी अप्पावर गेलेय." मैत्रिणीनं गोळी दिलीय म्हणे. घेतली की भीती जाते!

ते ऐकलं आणि कागद घेऊन बसले रे. कारण तुला एक सांगायचं राहिलंय.

माझ्या सुमनचा साखरपुडा आठवतो? मामा म्हणून चार शब्द तुला बोलायचे होते. मागच्या दारी मला गाठलंस. "अक्का, घोटभर घेऊ दे. त्याच्याबिगर जीभ उचलत न्हाई." मी तुझी बाटली मोरीत ओतली आणि न धुता तिच्यातच लिंबू-सोडा भरून तुला दिला. सोड्यात मिसळलीय म्हणाले. वास तसाच होता. तू डोळे मिटून पिलास.

आणि काय बोललास रे! व्याही पोट धरून हसले, सुमन रडली. मांडवातून येऊन मलाच म्हणालास, "बघितलंस? सगळी हिची कमाल हाय."

तवाच का न्हाई सांगितलं मी? चारचौघांत तुझा पचका होईल, तू चिडशील, कार्यात विघ्न नको, म्हणून गप बसले. मग सांगते, मग सांगते करत राहूनच गेलं.

पुढं तू सोडलीस. खरंच सोडलीस! पूजा तुझ्या ताटात जेवायला लागली. वर्ष पुरं झालं म्हणून व्यसनमुक्ती केंद्रानं तुला बोलायला बोलावलं. दारू कशी सोडली, हेच सांगायचं होतं. आणि तेवढं सांगायला तू वाटेत घोटभर घेतलीस! अरे वेड्या! "फक्त बोलण्यापुरती," म्हणालास. ती परत सुटली न्हाई. आठ महिन्यांत तुला घेऊन गेली.

लय रागावले होते तुझ्यावर. अजून हाय थोडी. पण खरं काय ते माहीत असलेली मी एकटीच होते ना? माझ्यावर कोणी रागवायचं?

उद्या पूजासोबत मी जाणार. पेडगावच्या फाट्यावर ऑटोत बसलो की आधी ती गोळी मागून घेते, मग तिला सगळं सांगते. मला बोल लावला तरी ऐकून घेईन. पण तिला कळू दे, त्या दिवशी मांडवात बोलला तो तिचा बापच होता. बाटलीत नुसता सोडा होता.

तुझीच,
अक्का