सावलीच्या डोक्याशी खडा

प्रिय बाबा,

काल वर्गात मी तुमची विद्या वापरली आणि तुमचं नाव लपवलं. तेव्हापासून घास गोड लागेना, म्हणून हे पत्र.

चौथीला सावलीचा धडा होता. मोबाईलची बॅटरी लावून डस्टर आडवं धरलं, पण खिडक्यांतून एवढं ऊन येत होतं की भिंतीवर धड सावलीच पडेना. शेवटी पोरांना मैदानात नेलं.

"ऊन सरळ चालतं. आपण त्याच्या वाटेत उभं राहिलो की मागच्या जागेवर ते पोचत नाही. तीच सावली," मी म्हणाले. शब्द तुमचेच, बाबा! चारठाण्याच्या माळावर मेंढरं राखताना तुम्ही असंच सांगितलं होतं. तुम्ही ताठ उभे राहायचात, मी पळत जाऊन तुमच्या सावलीच्या डोक्याशी खडा ठेवायची. मग टाचेला चवडा लावत तुम्ही खड्यापर्यंत पावलं मोजायचात आणि त्यावरून वेळ ओळखायचात. "सहा भरली. चल, मेंढरं पाण्यावर घेऊ!" काय ऐट वाटायची मला त्या खड्याची!

पुढे मीच शिकून शहाणी झाले. माझी शाळा बघायला आलात, तर तिथेही पावलं मोजायला लागलात. सोबतच्या बाई हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात तुम्हाला घड्याळ आणलं. तुम्ही ते मुकाट्याने बांधलंत आणि माझ्यासमोर पुन्हा कधी सावली मोजली नाहीत. एकदा तरी रागवायचं होतं की माझ्यावर!

शेवटच्या आजारपणात माझ्याकडे ट्यूबलाइटखाली पडून होतात. "पोरी, मला जरा बाहीर ने. दिस किती वर आला बघू दे." मी म्हणाले, "हातात घड्याळ आहे ना? बघा की!" तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत.

तेराव्याला माय म्हणाली, "त्यायला घड्याळ कुठं कळायचं? तुजं मन मोडू न्हाई म्हून बांधायचे."

इतकी वर्षं! मी पोरांना घड्याळ शिकवते, बाबा. तुमच्याजवळ कधी घटकाभर बसले का?

काल मैदानात मी माझी सावली मोजून सहा पावलं सांगितली, तर वर्गातल्या राधाने ती तिच्या पावलांनी मोजली. "बाई, सात भरली! तुमी तर सहा म्हणल्या." मी म्हणाले, "ज्याची सावली त्याच्याच पावलांनी मोजायची." मग तिने स्वतःची मोजली. सहाच! सगळा वर्ग नाचायला लागला.

"बाई, हे तुमाला कुणी शिकवलं?" राधाने विचारलं.

तुमचं नाव ओठांवर आलं होतं. पण शेजारी मुख्याध्यापक उभे होते. "पुस्तकात आहे," मी म्हणाले.

खुळी पोर! मधल्या सुट्टीत डबा न उघडता पानं चाळत बसली. मग हळूच येऊन म्हणाली, "बाई, पुस्तकात न्हाई हो."

उद्या सांगते तिला, सगळ्यांसमोर. हे मेंढरं राखणाऱ्या माझ्या बाबांनी शिकवलं, त्यांना घड्याळ कळत नव्हतं आणि मला बाबा कळत नव्हते. मुख्याध्यापक असले तर त्यांनीही ऐकावं. मग राधाला खडा ठेवायला लावीन.

त्या दिवशी तुम्हाला उन्हात न्यायला हवं होतं, बाबा. दार चार पावलांवर होतं.

तुमची,
खडा ठेवणारी सुमन