डावी बाजू रुंद आहे

४ जानेवारी, रविवार
सईने पसंत केलेला मुलगा आज घरी येऊन गेला. हरेश. उलव्याचा. जमीन विमानतळात गेली, आता स्वतःचे डंपर आहेत. मुलगा नम्र वाटला. माझी काहीही हरकत नाही, हे आधीच लिहून ठेवतो.
मला फळं स्वतः कापायची आवड आहे, म्हणून त्याने घडीचा चाकू आणला. लाकडी मूठ, छान वजन. थँक्यू म्हणालो.
तो गेल्यावर चष्मा लावून चाकू पाहिला. धारेचा उतार डावीकडे रुंद, उजवीकडे अरुंद. टोकाशी तर फारच. फॅक्टरीतूनच तसा आलाय.
कुणाला सांगायचं नाही. भेट ती भेट.

५ जानेवारी
सुमतीला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. कापतो का, असं तिने विचारलं. कापतो, पण प्रश्न तो नाही, म्हणालो. मग प्रश्न काय आहे, असं ती म्हणाली. तळोज्याला सगळी नोकरी क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेल्या माणसाला बायकोने हे विचारावं.

६ जानेवारी, दुपार
मापं घ्यायचा जुना व्हर्नियर सापडला. मोजलं. एक बाजू दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. फोटो काढून सईला पाठवला, नुसती माहिती म्हणून. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. ऑफिसात बिझी असेल.
कस्टमर केअरला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, सर, धार हाताने लावतात, थोडा फरक येतोच. चाकू कुणी घेतला, हेही विचारलं. होणाऱ्या जावयाने, असं माझ्या तोंडून गेलं. तिने अभिनंदन केलं. मुद्दा तिथेच राहिला.

९ जानेवारी
जेवताना सईने विचारलं, बाबा, आवडला का? मूठ चांगली आहे, म्हणालो. मी हरेशबद्दल विचारतेय, असं ती म्हणाली. घाई कशाला, बघू, म्हणालो. यात न आवडण्यासारखं काय होतं कळलं नाही. ताट अर्धवट टाकून उठली.
सुमतीच्या मते मला मुलगा नकोय आणि मी तो राग चाकूवर काढतोय. हास्यास्पद. मी जातपात मानत नाही. त्यांची बोली, त्यांची मोठमोठी लग्नं, यांवर मी एक शब्द काढलेला नाही. मनात आला तरी काढलेला नाही.

११ जानेवारी, रविवार
उपाय सापडला. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय. तोवर चाकू मीच दुरुस्त करायचा आणि हरेशच्या हातात द्यायचा. त्याला आयुष्यभर उपयोगी पडेल अशी शिकवण. शिवाय यात माया आहे. सईला ती दिसेलच.
पनवेलला जाऊन धार लावायचा दगड आणला. व्हिडिओ पाहिले. सोपं आहे.

१३ जानेवारी
कमी पडणारी उजवी बाजू घासली. आता उजवी रुंद. अपेक्षितच होतं.

१४ जानेवारी, संक्रांत
डावी घासली. आता परत डावी. पातं किंचित बारीक झालंय.
सईने तिळगूळ हातावर ठेवला. घ्या म्हणाली. पुढचं म्हणाली नाही.

१६ जानेवारी
दोन्ही बाजू सारख्या. व्हर्नियरने तीनदा खात्री केली.
एक बारीकशी गोष्ट. पातं झिजल्यामुळे चाकू मिटला की टोक मुठीबाहेर डोकावतं. पण मिटलेला चाकू वापरतं कोण. सुमती म्हणाली, हा तिकडे नेऊ नका, मी पाया पडते. ती घाबरट आहे.

१८ जानेवारी, रविवार, संध्याकाळ
उलव्याहून आलो. घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
जेवण उत्तम. मटण, तांदळाच्या भाकऱ्या. हरेशच्या आई गोदूबाई स्वतः वाढत होत्या. भात आला तसा मी चाकू काढला आणि सगळ्यांसमोर दोष समजावून सांगितला. हरेशने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘काका, मला यातलं नाय कळत. सईनं पसंत केला, मी पैसे दिले.’’
सईने. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्याकडे पाहिलं, तर ती ताटात बघत होती.
तेवढ्यात गोदूबाई म्हणाल्या, बघू कसा हाय, आणि चाकू हातात घेतला. मिटलेलाच होता. टोक तळहातात घुसलं. बरंच रक्त आलं. त्यांनी पदर आवळून धरला. ‘‘काय नाय झाला. चाकू हाय, लागनारच. तुमी जेवा.’’
मी जेवलो. काय करायला हवं होतं ते सुचलं नाही.
सई आत जाऊन हळद घेऊन आली. त्या स्वयंपाकघरात हळद कुठे असते, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

१९ जानेवारी
गोदूबाईंना टाके पडले. सईला म्हणालो, मुळात धार नीट असती तर मला घासावी लागली नसती.  ती शांतपणे म्हणाली, रविवारी लग्न ठरवायच्या बैठकीत आपल्या बाजूने अविनाशमामा बोलेल. मी पण बोलेन की, म्हणालो. ती म्हणाली, ‘‘नको बाबा. तुम्ही येऊच नका.’’
चला, बरंच झालं. अशा बैठका लांबतात, आणि माझी कंबर हल्ली धरते.

२५ जानेवारी, रविवार
सकाळी सगळे उलव्याला गेले. अविनाश माझाच कोट घालून गेला, त्याचा इस्त्रीला होता.
चारला सुमतीचा फोन. सगळं ठरलं, मे महिन्यात लग्न. माझी कुणी चौकशी केली का, असं विचारलं. गोदूबाईंनी केली, म्हणाली. तुम्हाला ताप आलाय असं त्यांना सांगितलंय. त्यांना फार वाईट वाटलं. डबा भरून देताहेत. हरेश सोडायला येतोय, त्याला तुम्हाला बघायचंय, तेव्हा आम्ही येऊ तेव्हा अंथरुणातच राहा.
शाल घेऊन पडलोय. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.