तुम्ही मागितलेले आठ दिवस

आबा, काल सांगलीत एका मुलीने मला भर सभेत विचारलं, "मग घरच्या कुणी त्यांना थांबवलं नाही का?" समोर कारखाने उभारणारी माणसं बसली होती, बहुतेक तिशीच्या आतबाहेरची, डोळ्यांखाली काळं उतरलेली. कामाचं वेळापत्रक आखणाऱ्यांनी आधी स्वतःला कसं वाचवावं यावर मी तासभर बोलले होते. नेहमीसारखी शेवटी तुमची गोष्ट सांगितली होती आणि नेहमीसारख्या टाळ्या पडल्या होत्या. ती मुलगी तुमच्यासारखी प्लॅनिंगमध्येच काम करते. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, हात वर केला. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "त्यांनी घरी कधी काही सांगितलंच नाही." ती खाली बसली. मी गाडीने कराडला परतले. आज सकाळपासून मी तुमच्यावर चिडलेली आहे. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडणार.

कारण तुम्हाला कळत होतं. अडाणी माणसाला मी क्षमा केली असती. तुम्ही पलटणीतून यंत्रं शिकून आलात, साखर कारखान्यात लागलात, आणि सत्तर सालानंतर तिथे दुसरा बॉयलर उभा करायचा ठरला तेव्हा त्याचं प्लॅनिंग तुमच्याकडे आलं. त्याआधीच्या हंगामात तुम्ही मला कारखाना दाखवायला नेलं होतं. त्या दिवशी सगळं बंद होतं, आणि मी हिरमुसले होते. तुम्ही रस आटवायच्या उंच भांड्यांपाशी नेऊन आतल्या नळ्या दाखवल्या. म्हणालात, "रस शिजून शिजून नळीला आतनं पांढरा थर बसतो बघ. थांबवून खरवडला न्हाई तर वाफ फुकट जाती आणि रस हाय तसाच ऱ्हातो. म्हणून भर हंगामात बी गिरणी थांबवायची. थांबणं हे कामच हाय पोरी." तेव्हा मी जुन्या अकरावीत, मॅट्रिकला होते. एवढं शहाणं वाक्य त्यानंतर मी ढीगभर पुस्तकांत शोधलं, फार थोड्या ठिकाणी सापडलं. आणि ते बोलणारा माणूस स्वतःच्या नळ्या कधी खरवडत नव्हता!

तुमच्या टेबलामागच्या भिंतीवर तो तक्ता होता, खळीने कागदाला कागद जोडून केलेला. उभ्या अंगाला कामं आणि माणसं, आडव्या अंगाला दिवस. काम लाल रेघेने, विसावा निळ्या रेघेने. कॉलेज सुटलं की मी मलकापूरच्या घरून तुमचा डबा घेऊन येते, आणि तुम्ही एकाच लाल-निळ्या, दोन टोकांच्या पेन्सिलीने रेघा ओढत असता, डब्याकडे न बघता. प्रत्येक यंत्राला, प्रत्येक फिटरला, वेल्डरला निळी रेघ होती. मी विचारलं, "आबा, तुमची ओळ कुठाय?" तुम्ही असे खेकसलात की बाहेरचा कारकून आत डोकावला. "आखणाऱ्याची ओळ नसती! डबा ठेव आणि जा." दुसऱ्या दिवशी तशीच एक नवी लाल-निळी पेन्सिल माझ्या पुस्तकांवर ठेवलेली होती. तुमची माफी मागायची रीत ती. पेन्सिल अजून माझ्याकडे आहे. वाचताना समासात खुणा करून करून लाल बाजू बोटाएवढी राहिली. निळ्या बाजूला मी आजवर टोकसुद्धा काढलेलं नाही.

आपल्याकडचा रिवाज बघा. आधी काम किती ते मोजायचं आणि मग दिवस ठरवायचा, असं नाही. आधी भटजींनी पंचांगातून बॉयलर पेटवायचा मुहूर्त काढायचा, चेअरमननी तो वार्षिक सभेत माइकवरून सांगायचा, लोकांनी टाळ्या वाजवायच्या, आणि मग तुम्ही त्या तारखेपासून उलटं मागे मागे आखत यायचं. त्या वर्षी बॉयलरचा मोठा ड्रमच उशिरा आला. तक्ता मोडला. मी डबा घेऊन दारात उभी होते तेव्हा चेअरमन तुमच्या खोलीत होते. तुम्ही म्हणालात, "साहेब, आठ दिवस द्या. आठच." ते म्हणाले, "आवं, सगळ्या सभासदांफुडं बोललोय मी. आता ऊस काय आठ दिस डोळं मिटून बसंल व्हय? तुमी पलटणीतलं गडी, तुमाला आठ दिसाचं काय वो?" आणि तुम्ही हसलात, आबा. पाठ थोपटलेल्या बैलासारखं मान हलवून म्हणालात, "बघतो साहेब." मला त्या हसण्याचा आजही संताप येतो. त्यांचा तेवढा येत नाही. त्यांनी मागितलं, ते मागणारच. तुम्ही का दिलंत?

बरं, इतरांच्या निळ्या रेघाही खोडल्या नाहीत. खोडल्या असत्यात तर कामगार भांडले असते, आरडाओरड झाली असती, कुणीतरी वाचलं असतं. तुम्ही सगळ्यांची सुट्टी शाबूत ठेवलीत आणि जो सुट्टीवर, त्याच्या जागी देखरेखीला स्वतः उभे राहिलात. तीन आठवडे. उंब्रजचे ते म्हातारे वेल्डरचाचा तक्त्यापुढे उभे राहून म्हणाले, "साहेब, आमच्या निळ्या रेघा तर जाग्यावर हायत. मग आठ दिस आणलं कुठनं?"

"आणलं कुठनं तरी."

"तुमच्या अंगातनं व्हय? अंग म्हंजी काय सरकारी गोदाम हाय, कवा बी उघडा आणि काढा? एक दिस त्या उसात जाऊन झोपा. मी कुणाला सांगत न्हाई, आणि ऊस बी सांगत न्हाई."

सगळे हसले. तुम्हीही. पण झोपायला गेला नाहीत. लोक याला निष्ठा म्हणतात, मी माज म्हणते. माझ्यावाचून गाडा अडेल, हा माज. गरीब घरातून वर आलेल्या, कष्टाळू, सज्जन माणसांना तो हमखास होतो, आणि आपण त्याच्यावर हार घालतो.

बॉयलरला पाण्याचा दाब देऊन बघायचा होता त्या दुपारी तुम्ही खुर्चीत बसल्याजागी गेलात, तक्त्याखाली, हातात पेन्सिल. चाचणी चाचांनी आणि फिटरांनी पार पाडली. एकही नळी गळली नाही. चौथ्या दिवशी चेअरमन घरी आले, खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला आणि आईला म्हणाले, "वयनी, त्यांच्या दुखवट्यापायी मुहूर्त फुडं ढकलला आमी. आठ दिस." आठ दिवस, आबा! मोजून आठ. भटजींना पंचांगात दुसरा मुहूर्त सापडला. ऊस शिवारात गप उभा राहिला. एकाही सभासदाने विचारलं नाही. जिवंतपणी मागितलेत तेव्हा जे आठ दिवस जगात कुठेच नव्हते, ते तुम्ही मेल्यावर दारात चालत आले. या एका गोष्टीवर मी आयुष्यभर भाषणं केली. सातारा, सांगली, जिथे बोलावतील तिथे मूठ आपटून सांगितलं की तारीख हलते, माणूस परत येत नाही.

पण तुम्ही गेलात त्या दिवसाची सकाळ मी एकाही भाषणात सांगितलेली नाही. आई उसाला पाणी द्यायला मळ्यात गेलेली. मी चुलीपुढे भाकरी थापते आहे. तुम्ही पाटावर बसला आहात, ताटातली भाकरी मोडता येत नाही. तुम्ही माझ्याकडे बघता. कुणाकडे कधी काही न मागणारा माणूस हळूच विचारतो, "आज न्हाई गेलो तर चालंल का गं?" मी नुकतंच कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेलं. कॉलेजात अर्ध्या पोरी मला बॉयलरवाल्यांची मुलगी म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं. मी तव्यावरून नजरही न हलवता म्हणाले, "आवं आबा, तुमीच न्हाई गेला तर चाचणी कोन करणार? लोक काय म्हणतील?" तुम्ही म्हणालात, "व्हय की. खरं हाय." आणि बूट घातलेत.

म्हणजे तुम्ही विचारलं होतं, आबा. थांबू का, असं माणूस जसं विचारतो, तसंच. आणि मी तुम्हाला धाडलं.

त्या मुलीने काल जाताना आपला पत्ता लिहून दिला. उत्तर तिला द्यायचं आहे हे मला कळतं. कागद समोर आहे, पाकीट आहे, तिकीटही आहे. तरी हे मी तिला पाठवणार नाही. पुढच्या महिन्यात साताऱ्यात सभा आहे, आणि तिथेही मी हेच सांगेन, की त्यांनी घरी कधी काही सांगितलंच नाही.