एक आकडा की दोन

१४ नोव्हेंबर, सकाळ
हॉस्पिटलचं तळघर, दुरुस्तीची खोली

चि. लवंगी,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या मुठीएवढ्या लेकीला जन्मभर पुरून उरतील इतके.

कागद बघून नाक मुरडलं असशील. पण तुमच्या वॉर्डात फोन चालत नाही, बाळाच्या आईशिवाय कोणाला आत सोडत नाहीत, आणि तू काही बाहेर येत नाहीस. म्हणून ही चिठ्ठी वॉर्डातल्या मावशींच्या हाती देतेय. इथे कामाला असलेल्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात. बाळाची खरी मावशी मी, आणि मलाच आत यायला बंदी.

तुझा निरोप तुझ्या नवऱ्याने काना-मात्रा न बदलता पोचवला. "पहिल्या दिवशी काचेबाहेर पाच मिनिटं उभी राहिली, आणि आता आली ती मशीन बघायला." बरोबर आहे तुझं. त्या दिवशी मी काचेवर टकटक करून विचारलं, ठीक आहेस ना. तू दाराकडे पाठ करून बसली होतीस, वळली नाहीस. मला वाटलं, चिडलीय, राहू दे. मग मी कामावर गेले.

घरी सगळं ठीक. आईची टोपी विणून झाली. प्रेमाच्या भरात माप चुकलंय. बाळाला ती आठवीत गेल्यावर बसेल. तुझ्या कुंड्यांना मी पाणी घालतेय. कोपऱ्यातली वेल मात्र रुसून बसलीय, मालकिणीचा गुण लागला असेल.

मी बसलेय ती खोली म्हणजे मोडक्या वस्तूंचं माहेरघर आहे. तीन पायांची खाट, काटा हरवलेला वजनकाटा, आणि दार निखळलेली एक ऊब देणारी काचेची पेटी, तुझ्या बाळाची आहे तशीच. परवा सकाळी विजेचा दाब वरखाली झाला तेव्हा दोन पेट्यांची कंट्रोल कार्डं जळाली. त्याच दिवशी आमच्या कंपनीच्या माणसाने नवी बसवली. एक या मोडक्या पेटीत, दुसरं वर तुमच्या वॉर्डातल्या कुठल्याशा पेटीत. ती नीट चालतात ना, एवढंच बघायला मला पाठवलंय.

तुझा नवरा सांगत होता, कालपासून बाळाचे गाल छान लाल झालेत, सगळे म्हणतात तेज आलंय. ऐकून बरं वाटलं.

एक काम करशील? बाळाच्या पेटीच्या पडद्यावर तापमानाचा आकडा एक दिसतोय की दोन, एवढं या कागदामागे लिहून दे. मोठ्या सिस्टर डॉक्टरांबरोबर राउंडला आहेत, त्यांना कशाला मधेच थांबवायचं. घाई काही नाही. पण मावशी दारातच उभ्या आहेत, तर आत्ताच लिही.

तुझी ताई

ता.क. परवापर्यंत किती आकडे होते, आठवत असेल तर तेही.

---

१४ नोव्हेंबर, थोड्या वेळाने

लवंगी,

"एक. परवापर्यंत दोन. का?"

तुझ्या या 'का'चं उत्तर मी आधी एकदा लिहिलं आणि फाडलं. त्यात होतं की काही विशेष नाही, पडद्याची सेटिंग बदललीय. आता खरं लिहिते. शेवटपर्यंत वाच आणि मगच उठ. डॉक्टरांना आणि मोठ्या सिस्टरना मी सगळं सांगून आलेय, त्या तुझ्या शेजारी उभ्या असतील.

पेटी सुरू केली की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. आमच्या कंपनीत तो लिहिण्याचं काम माझं. तू नेहमी विचारतेस ना, ताई दिवसभर नेमकं करते काय, तर हे करते. कार्ड सगळ्या पेट्यांना एकच, बूटलोडर एकच, पण पेट्या वेगवेगळ्या. मग आपण कुठल्या पेटीत आहोत हे त्याला कळायचं कसं? पेटीच्या सांगाड्यावर एक बारीक चिप असते, तिच्यात पेटीचा नमुना लिहिलेला असतो. बूटलोडर चिपला विचारतो आणि त्या नमुन्याचं वर्णन उघडतो. हीटर इथे, पंखा तिथे, सेन्सर अमुक इतके. खोडाला फांद्या फुटाव्यात तशी त्या वर्णनाची मांडणी असते, म्हणून त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. त्यात जे लिहिलंय ते पेटीसाठी आहे. जे लिहिलेलं नाही ते डोळ्यांसमोर असलं तरी नाही.

तुझी पेटी मोठ्या नमुन्याची आहे. तिला दोन सेन्सर. एक आतल्या हवेसाठी, दुसरा बाळाच्या पोटाला चिकटवलेला. पण तिची चिप जुनी, नव्या कार्डाच्या मानाने जागी व्हायला वेळ लावते. बूटलोडरने एकदाच विचारलं, उत्तर आलं नाही, आणि तो पुढे गेला. त्याने सगळ्यात लहान पेटीचं वर्णन उचललं. त्या पेटीला एकच सेन्सर असतो, हवेचा.

म्हणजे बाळाच्या पोटावरचा सेन्सर जागेवर आहे, वायर नीट आहे, फक्त त्याला कोणी विचारत नाही. पडद्यावर दिसतोय तो आकडा बाळाचा नाही, हवेचा आहे. सिस्टरनी बाळाच्या अंगाला जेवढी ऊब हवी तेवढा आकडा लावला. पेटी तेवढी हवाच तापवतेय, आणि बाळ तिच्यात तापतंय. ते लाल गाल तेजाचे नाहीत.

सकाळी बाळाला ताप निघाला, रक्त काढून नेलं, आणि मेंदूपर्यंत जंतू गेलेत का बघायला दुपारी पाठीच्या कण्यातून सुई घालून पाणी काढणार आहेत, हे मला पहिली चिठ्ठी लिहितानाच माहीत होतं. तुझा नवरा जिन्यात बसून रडला. मी तुला टोपी आणि वेलीबद्दल लिहीत बसले. घाबरले की माझं असंच होतं. मी हवापाण्याच्या गप्पा मारायला लागते.

आणखी एक, हेही तुला माझ्याकडूनच कळू दे. चिपने उत्तर दिलं नाही तर पेटीने काय करायचं, हा प्रश्न कंपनीच्या बैठकीत आला होता. एक जण म्हणाला, बंद राहू दे आणि भोंगा वाजू दे. मी म्हटलं, बंद पेटी बघून माणसं घाबरतात, अंदाजाने का होईना पण चालू दे. माझं ऐकलं गेलं. मघाशी कंपनीतल्या साहेबांना फोन केला तर म्हणाले, तिथे कोणाला लेखी काही देऊ नकोस. तर हे घे, लेखी.

आता काय करायचं ते ऐक. डॉक्टर म्हणतात, ताप पेटीचा असेल तर बाळ पेटीबाहेर आल्यावर हळूहळू उतरेल, मग सुईची गरज नाही. उतरला नाही तर तो खरा ताप, आणि मग सुई टाळता येणार नाही. खाली आहे त्या पेटीला दार नाही, बाकीच्या सगळ्या भरलेल्या. म्हणून बाळाला तुझ्या छातीशी ठेवायचं, उघड्या अंगाला अंग, वरून चादर. आणि पेटी माझ्याकडे खाली पाठवायची.

तू अजून बाळाला हातात घेतलं नाहीस, तेही मला कळलंय. माझ्या हातून मोडेल, असं तू म्हणालीस. लवंगे, तू दुसरीत असताना मांजरीचं पिल्लू फ्रॉकात घालून शाळेत नेलं होतंस. अख्खा दिवस. बाईंना मधल्या सुट्टीपर्यंत पत्ता नव्हता, आणि पिल्लू घरी आलं ते झोपलेलं. ते मोडलं नव्हतं.

पेटी परत पाठवायला मला किती वेळ लागेल, सांगता येत नाही. आधी इथे 'पाच मिनिटं' लिहिलं होतं. खोडलेलं दिसेल तुला.

ताई

---

१४ नोव्हेंबर, दुपार

लवंगी,

ही चिठ्ठी कधी पाठवेन माहीत नाही. हात रिकामे ठेवायचे नाहीत, म्हणून लिहितेय.

पेटी खाली आली तेव्हा गादी अजून उबदार होती. मी हात लावला आणि लगेच काढून घेतला. मग लॅपटॉपची वायर जोडली, पेटी सुरू केली, बूटलोडरला दारातच अडवलं. सुरुवातीला क्षणभर तो थांबतो, तेवढ्यात एक बटण दाबलं तर पुढे न जाता तुमचं ऐकून घेतो. मी त्याला हाताने सांगितलं, बाबा रे, तू मोठ्या पेटीत आहेस, हे तुझं वर्णन घे. त्याने घेतलं.

आणि पेटी सुरू होईना. पडदा उजळायचा, थोडं थांबायचा, काळा व्हायचा, पुन्हा पहिल्यापासून. मी वर्णनाची ओळ न ओळ तपासली, चूक सापडेना. तेवढ्यात मावशी जिना उतरून आल्या. गुडघ्यांच्या नावाने खडे फोडत म्हणाल्या, "सिस्टरनी सांगितलंय, ताप आहे तेवढाच आहे. आणि ती पोरगी थरथरतेय हो, पण सोडत नाही बाळाला." मी म्हटलं, बरं. आणि पुन्हा पेटीकडे वळले.

डोकं चालेना तेव्हा पेटीच्या खालचा कप्पा ओढला. आत हवा ओलसर ठेवणारी पाण्याची टाकी असायला हवी. जागा रिकामी. केव्हातरी गळायला लागली असेल, कोणीतरी काढून ठेवली. मी तासभर कागदावरच्या पेटीशी बोलत होते. पेटी बिचारी नसलेली टाकी शोधायची, सापडली नाही की पुन्हा सुरुवात करायची. मी त्या वर्णनात लिहिलं, टाकी नाही. ते तसंच जपून ठेवायला सांगितलं, म्हणजे पुढच्या वेळी चिपला विचारायची वेळच येणार नाही. पुन्हा सुरू केली.

दोन आकडे आले. एक हवेचा. दुसऱ्या जागी नुसत्या रेघा, कारण सेन्सर हवेत लोंबत होता. मी तो स्वतःच्या काखेत धरला. रेघा गेल्या आणि आकडा चढत चढत ३६.७ वर थांबला. तो माझा. पंख्यासमोर धरला, आकडा उतरला. परत काखेत, परत चढला. पाच-सहा वेळा तेच केलं. आता पेटी खरं बोलतेय.

साहेबांचा पुन्हा फोन येऊन गेला. मी सांगितलं, हे कार्ड जिथे जिथे गेलंय तिथे आत्ताच्या आत्ता कळवा, तुम्ही नाही तर मी. तेव्हा म्हणाले, हॉस्पिटलांची नावं काढतो. कळवायला लागलेत, दोन ठिकाणांहून मलाच उलट फोन आले. बूटलोडरमधली अंदाजाने चालायची ती सोयही काढतेय. आता तो पुन्हा पुन्हा विचारेल, आणि तरी उत्तर आलं नाही तर पेटी चालणार नाही, बोंब मारेल. माणसं घाबरतील. घाबरू देत.

पेटी केव्हाच तयार आहे. पण मावशींचा पत्ता नाही. मघापासून जिन्यावर पावलं वाजताहेत, एकही त्यांची नाही. तुझा नवरा वर काचेला नाक लावून उभा असेल, त्याला बोलवायलाही मी उठत नाहीये. ताप उतरला नसेल तर? माझा अंदाज चुकला असेल, तो खराच ताप असेल, आणि मी पेटीच्या नादात सगळ्यांचा वेळ घालवला असेल तर? लवंगे, मला फार भीती वाटतेय. हे वाक्य मी तुला आजवर कधी लिहिलेलं नाही. तू लहान, मी मोठी, असं चाललं आपलं.

मावशी आल्या. तुझी चिठ्ठी पुढे केली.

"३६.९. दोनदा मोजला. डॉक्टर म्हणाले सुई नाही. ती झोपलीय. माझ्या गळ्याशी श्वास लागतो तिचा. पेटी राहू दे जरा."

मी ते उभ्याने वाचलं, मग त्या तीन पायांच्या खाटेवर बसले. पडले नाही, एवढंच नशीब. मावशींनी डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा गुडघ्यांना शिव्या देत वर निघाल्या. हा कागद त्यांच्याकडेच देतेय.

पेटी इथेच सुरू ठेवलीय, गरम आणि रिकामी. तू मागशील तेव्हा येईल. घाई नाही, आणि या वेळी ते खरंच म्हणतेय.

पहिल्या दिवशी मी तुला एकदाच विचारलं. तू वळली नाहीस, आणि तू बरी असशील असं धरून मी निघून गेले. आता मावशींच्या मागोमाग वर येतेय. माझ्या हातात वायर नसेल. काचेबाहेर उभी राहून पुन्हा विचारेन, आणि तू वळेपर्यंत विचारत राहीन. बाळाला हलवू नकोस, नुसती मान वळव.

बाळाची मावशी, आणि त्याच्याही आधीपासून तुझी,
ताई