सेंटरची खुंटी

६ मार्च १९८३

हरलो! पुन्हा शिरूरकडूनच. शेवटच्या मिनिटाला एक गोल — आणि तोही शेषेरावनं मारावा! त्यांचा कॅप्टन. पोट सुटलंय, पळताना धाप लागते, पण चेंडू नेमका त्याच्याच पायात जातो. आमचा गोलकीपर व्यंकटी एकीकडे झेपावला, चेंडू दुसरीकडून आत.

बैलगाडीतून येताना मलप्पा काकांनीच तोंड उघडलं. हैदराबादला बटालियनमध्ये असताना ते फुटबॉल शिकले आणि कारेवाडीला हे वेड त्यांनीच लावलं. म्हणाले, सपाट मैदानावर आपल्या पोरांचे पाय चुकतात. बरोबर आहे. आमचं मैदान ओढ्याकडे उतरतं. घरच्या मैदानावर आम्हाला कोण हरवतो? शिरूरवाले त्याला मैदान म्हणतच नाहीत, घसरगुंडी म्हणतात. जळतात मेले!

आता दिवाळीपर्यंत नुसत्या आशेवर काढायचे दिवस.

१५ मार्च

पोस्टमन असण्याचा एक फायदा — डाकेची थैली आणायला रोज शिरूरला जावं लागतं, त्यामुळे दुश्मनाच्या गोटातल्या बातम्या फुकट मिळतात. आजची: त्यांचा थोरला बॅक भिवंडीला लूमवर गेला. छान! गोलकीपरचं लग्न ठरलं. आणखी छान! सासुरवाडी थेट बिलोलीला, म्हणजे निम्मा हंगाम स्वारी तिकडेच.

घरी येऊन पंचफुलाला सांगितलं. म्हणाली, एवढा आनंद तुम्हाला आपल्या लग्नात झाला नव्हता.

२९ मार्च

कागद आला!

गेल्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला, तेव्हापासून सगळंच नवं. नवे साहेब, नव्या पाट्या. साहेब लातूरला, फायली अजून उस्मानाबादला. आम्हाला त्याचं काय, असंच वाटायचं. पण माझ्यापुरता जिल्हा आज झाला. दिवाळीनंतर पहिला जिल्हा चषक — आणि आमच्या भागातले सुरुवातीचे सामने कारेवाडीच्या मैदानावर! गावच्या क्रीडा मंडळाचा सेक्रेटरी मीच. पत्र माझ्याच नावावर, थैलीतून आणलंही मीच, पोचवलंही मलाच.

शेषेरावला आमच्या उतारावर पळवायचं. त्याच्या धापा माझ्या कानांनी ऐकायच्यात. त्यानंतर मेलो तरी चालेल.

८ एप्रिल

ओढा केव्हाच आटला. चावडीजवळचा आड कोरडा. पाणी आता एकाच ठिकाणी — व्यंकटीच्या वडलांच्या, रामकिशन पाटलांच्या विहिरीत. वरच्या आळीचं भरून झालं की मग आमच्या वस्तीच्या बायकांनी जायचं. दोराला हात लावायचा नाही. त्यांचा माणूस ओढणार आणि आमच्या घागरीत वरून ओतणार. जयंत्या साजऱ्या करून इतकी वर्षं झाली, पण दोर अजून तिथंच आहे. पंचफुला उन्हात उभी राहते. आज तिच्या वाट्याला गाळ आला.

मैदानावर व्यंकटी आणि माझा पुतण्या नरसिंग एकाच तांब्यातून पाणी पितात. विहिरीवर मात्र व्यंकटी मला बघून मान खाली घालतो. चांगलं पोरगं आहे. त्याच्यावर राग धरवत नाही आणि राग जातही नाही.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक निघाली. यंदा सरबत नाही. पोरं लेझीम खेळून कोरड्या घशानं घरी गेली.

२२ एप्रिल

लातूरहून भूजलवाले साहेब आले. सकाळपासून शिवार तुडवलं. दुपारी मैदानावर आले आणि चालत चालत थेट सेंटरला जाऊन उभे! तिथंच खुंटी ठोकली. म्हणाले, जुना ओढा इथूनच वाहत असणार, म्हणून तर ही जमीन उतरती आहे. गावात पाणी असलंच तर इथं, आणि फार खोलही नाही. गावाच्या वाट्याला एकच बोअर. मशीन येईल तेव्हा खुंटीवर लावून घ्या.

सेंटरला! जिथून चेंडू सुटतो तिथं हापसा!

संध्याकाळी पंचफुला चुलीपुढे एकटीच हसत होती. कितीतरी दिवसांनी. म्हणाली, "सरकारी हापसा व्हईल. कुणाच्या बापाची इहीर न्हाई. मी माज्या हातानं हापशीन."

मी हो म्हणालो. पण डोक्यात पाणी नव्हतं, चषक होता.

३० एप्रिल

मैदान सरकवता येईल का? दोन दिवस तेच बघत फिरलो. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला पाटलाचं रान, वर बाभळी आणि मसणवटा. कुठंच जमत नाही.

शिरूरला पोस्टात शेषेराव भेटला. बातमी त्याला आधीच लागलेली. म्हणाला, मग चषकाचे सामने आमच्याकडे येणार म्हणा की! वर चहा पाजला. त्या चहानं तळपायाची आग मस्तकात गेली.

५ मे

मशीन आलं. साहेब बरोबर नव्हते. ड्रायव्हर म्हणाला, मला काय, खुंटी दाखवा, भोक पाडतो.

खुंटी आम्ही सकाळीच हलवली होती. मी, नरसिंग, व्यंकटी. वरच्या अंगाच्या गोलपोस्टमागे, बाभळीजवळ. कल्पना माझी. पोरं हसत हसत कामाला लागली. हापसा तिथं झाला तर मैदानही राहील आणि खेळणाऱ्यांना पाणीही मिळेल. एवढ्यातेवढ्यानं काय फरक पडतो? जमीन तीच, गाव तेच!

मलप्पा काकांनी आम्हाला बघितलं. खुंटीचं जुनं भोक होतं, त्यावर टाचेनं माती लोटत राहिले.

६ मे

धूळ. दिवसभर नुसती पांढरी धूळ. मशीन गेलं.

१० मे

हे कुणालाच सांगता यायचं नाही, म्हणून इथं लिहितो. ड्रायव्हरनं नकारार्थी मान हलवली तेव्हा बायकांनी रिकाम्या घागरी उचलल्या. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? मैदान वाचलं! हेच आलं. दुसरं सगळं नंतर आलं.

आता सारखं तेच येतं. सेंटरला लागलं असतं का?

१७ मे

पाटलाची विहीरही आटली. टँकर आठवड्यातून एकदा येतो, कधी येतच नाही. गाव हलायला लागलं. नरसिंग त्याच्या आईला घेऊन निजामाबादकडे वीटभट्टीवर चालला. वरच्या आळीतली माणसं गुरं घेऊन पाहुण्यांकडे निघालीत. आमचे दोन्ही हाफबॅक पुण्याला, कुणाच्या तरी ओळखीनं.

व्यंकटी निरोप घ्यायला आला. बीदरकडे मामाच्या गावी गुरं न्यायचीत. मग म्हणाला, "अण्णा, बापाला म्या खुंटीचं न्हाई सांगितलं. सांगू का?"

मी विचारलं, मामाकडे गुरांना चारा आहे का. तो गेला. जाताना माझ्या पाया पडला. पाटलाचं पोरगं आमच्या वस्तीत, सगळ्यांदेखत! एरवी हे मी दहा जणांना सांगितलं असतं. आज मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० मे

पंचफुलाला कळलं. नरसिंगनं ट्रकमध्ये चढताना सांगितलं. त्याच्यानं राहवलं नसेल.

मी आलो तेव्हा ती रिकाम्या रांजणापाशी बसली होती. वर न बघताच बोलली. "पानी नव्हतंच म्हनले असते तर सोसलं असतं. पानी व्हतं, अन् तुमी खुंटी हालवली. एका चेंडूपायी."

त्यानंतर एक शब्द नाही. ताट वाढते, पुढ्यात सरकवते, उठून जाते. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ मे

लातूरला जाऊन आलो. मशीन परत द्या म्हणालो. तिथला कारकून भला माणूस. पाणी विचारलं, बसायला सांगितलं. म्हणाला, कारेवाडीचं बोअर झालं, गाव यादीतून निघालं. साहेबांना भेटतो म्हणालो तर साहेब दौऱ्यावर. जुने कागद काढता का म्हणालो तर ते अजून उस्मानाबादला. मला त्याचा राग आला नाही. त्यानं थोडीच खुंटी हलवली?

येताना एसटीत दोन माणसं नव्या जिल्ह्याचा चषक कोण नेणार यावर भांडत होती. एकानं कारेवाडीचं नाव घेतलं. म्हणाला, त्यांना त्यांच्या उतारावर हरवणं कुणाच्या बापाला जमणार नाही.

२८ मे

मैदानावर गेलो होतो. मोकळं, स्वच्छ, कुणी म्हणजे कुणी नाही. असं सुंदर कधी दिसलं नव्हतं. मैदान राहिलं, टीम गेली.

शिरूरची बातमी: त्यांचीही पोरं पांगली. दोघे हैदराबादला, आणखी काही मिळेल तिथं. दोन महिन्यांपूर्वी पेढे वाटले असते. आज थैली उचलली आणि गुमान परत आलो.

१ जून

मैदानावर बसलो होतो, तिथं शेषेराव आला. सायकलवर, एकटाच, धापा टाकत. त्यांचे सहा उरलेत. चषकाला दोन्ही गावांची मिळून एक टीम घालू का, विचारायला आला होता. आमचे पाच आहेत, म्हणालो. मग सगळंच सांगून टाकलं — खुंटी, बाभूळ, साहेब काय म्हणाले होते ते. हसेल असं वाटलं. हसला नाही. उठून सेंटरला गेला, पायानं माती उकरून जुनं भोक शोधलं आणि विचारलं, "टिकाव किती हायत तुमच्याकडं?"

उद्या खणायला लागायचं.

घरी येऊन एवढंच सांगितलं. पंचफुला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. अकरा जणांच्या भाकरी लागतील ना, म्हणाली.