बैठकीतलं भाषा मंडळ

६ नोव्हेंबर, गुरुवार
भाषा मंडळाची खोली गेली! शनिवारी तिथे आता गणिताचा जादा तास. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, भाषा मुलांना येतेच की. त्यात शिकायचं काय?" पचन तर सगळ्यांचंच होतं, मग जीवशास्त्रही बंद करायचं का, असं विचारलं. ते कसलीशी फाइल शोधायला लागले. मंडळ बंद होणार नाही. नाही म्हणजे नाही!

७ नोव्हेंबर, शुक्रवार
मंडळ माझ्या घरी भरेल. नवरा म्हणतो, "आईंना त्रास होईल." माझी आई तीन महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आल्यापासून बैठकीतल्या कॉटवरच असते. बोलत नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. आम्ही आशा सोडली — इथे खोटं कशाला लिहू? पोरांच्या गलक्याने तिचं आणखी काय बिघडणार!

८ नोव्हेंबर, शनिवार
नववीची नऊ पोरं. काम दिलं — एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो? घरचं बोलणं रेकॉर्ड करा, स्टॉपवॉचवर मोजा. "याला मार्क किती?" शून्य! तरी एकही उठलं नाही. टाचणी (अंगाने बारीक, बोलणं टोचरं) म्हणाली, "आमच्या घरी कोणी बोलतच नाही. तुमचं करू?" कर म्हटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मुख्याध्यापकांची चिठ्ठी. मुलं परस्पर घरी जमवल्याचा लेखी खुलासा हवा. दिला, एका ओळीत : "मुलं ऐकायला शिकत आहेत." करा काय करायचं ते!

१५ नोव्हेंबर, शनिवार
पोरांनी आकडे आणले. बहुतेक घरांत सेकंदसुद्धा नाही. एकाच्या घरी तर आईचं वाक्य संपायच्या आतच बाबा सुरू! हसून हसून पुरेवाट.

मग टाचणी उठली. गेल्या शनिवारी तिने मला आणि आईला दहा मिनिटं टिपलं होतं. "बाई, तुम्ही आजींना एकवीस प्रश्न विचारलेत. प्रत्येकाचं उत्तर दोन सेकंदांत तुम्हीच दिलंत. आजींचे ओठ सहाव्या सेकंदाला हलायला लागतात. मी समोरच बसले होते."

"बरं, पुढचा कोण?" एवढंच म्हणाले. लाज वाटली. फार वाटली.

१६ नोव्हेंबर, रविवार
"आई, चहा घेतेस?" विचारलं आणि तोंडाला कुलूप घातलं. सात. आठ. नऊ. अकराव्या सेकंदाला आई म्हणाली, "आधी... तू बस."