आईनं न घेतलेलं नाव

बोरी बुद्रुक,
१९ सप्टेंबर २००२

प्रिय बयाक्का,

ओझर काही आपल्या बोरीपासून सातासमुद्रापार नाही. सकाळच्या एस.टी.त बसलो असतो तर तुझ्या हातचा चहा पिऊन दुपारी परत आलो असतो. पण हे तोंडावर विचारायची माझी छाती नाही. पोस्टात अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली, आज स्वतःचं लिहायला बसलोय. भाऊजींसमोर वाचू नकोस.

तुला ती कॅसेट आठवत असेल. शहाण्णव साली पुण्याच्या एक बाई जात्यावरच्या ओव्या गोळा करत आल्या होत्या आणि आईनं त्यांना कड्याखालच्या गुहेची सगळी हकिगत गाऊन दाखवली होती. वळवाची गारपीट, मेंढरं घेऊन गुहेत शिरलेले पाच जण आणि वरून सुटलेली दरड. आई गेल्यापासून मी ती कॅसेट इतक्यांदा लावली की फीत दोनदा गुंतली, पेन्सिलीनं गुंडाळून घेतली. माझं वेड तुला माहीत आहेच. रविवार आला की गुहेकडे जायचं, दरडीचे धोंडे पावलांनी मोजायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना तेच तेच विचारून पिडायचं. भिमा म्हणते, "तुमाला जित्या माणसांपरीस त्या धोंड्यांचंच लई कवतिक." खोटं नाही. मी पोटात असताना बाप त्या दरडीखाली गेला. त्याचा साधा फोटोही नाही. सावळारामाचा पोरगा म्हणून कुणी ओळख करून दिली की मला आतून बरं वाटतं.

गौरी-गणपती उरकले आणि परवा भिमा लसूण सोलत निवांत बसली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण तिनं कॅसेट पहिल्यांदाच नीट ऐकली. आईच्या त्या दोन ओव्या आल्या:

कुशाबा गं पयला, गेणभाऊ तो दुसरा
चिमाजी, सावळाराम, कसा पडंल इसरा

पाचव्याचं नाव माज्या व्हटात अडलं
कपाळीचं कुंकू कड्याखाली सांडलं

भिमाचा हात थांबला. "अवो, सासूबाईंनी मामंजींचं नाव घ्येतलं की! आन् पाचव्याचं ठिवलं व्हय?" मग लगेच जीभ चावून उठून आत गेली.

सहा वर्षं ऐकतोय, अक्का, आणि हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे मला काय नवं आहे? रेशनकार्डाच्या वेळी साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं तर आईनं मलाच कोपरानं ढोसलं होतं. "त्याला ठावं हाय, त्याला इचारा." ती बाई ओवीत 'सावळाराम' असं स्वच्छ म्हणते, आणि पाचव्यापाशी तिचा आवाज बसतो. पाचवा म्हणजे म्हस्कू. आपल्याच तळावर राहायचा, आपलीच मेंढरं राखायचा, बायको ना पोर.

तेव्हापासून डोकं चालेनासं झालंय. कधी वाटतं, ओवी दुसऱ्याच कुणा बाईची असेल, आईनं नुसती उचलली असेल. पण त्या पाचांत पाचवा कुणाचा नवरा होता, तर कुणाचाच नाही. कधी वाटतं, म्हातारपणी नावं मागंपुढं झाली असतील, पण तिला मेंढीन् मेंढी नावानिशी आठवत होती. आईवर रागावू पाहतो, तर राग येत नाही. हे कुणाशी बोलावं म्हणून ती पंचेचाळीस वर्षं जात्याशी बोलली असेल, एवढंच मनात येतं आणि रडू येतं. आणि तू! तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. लहानपणी मी बाबांचं काही विचारलं की तू म्हस्कूतात्याचीच गोष्ट काढायचीस. त्यानं तुला खांद्यावर बसवून कुकडी नदी ओलांडली, तुझ्यासाठी करवंदं आणली. मी आपला हुंकार देत ऐकायचो. तुला काय काय माहीत होतं, अक्का?

आता पत्राचं खरं कारण. रविवारपासून पितरांचा पंधरवडा बसतोय आणि आपल्या घरचं पान षष्ठीला असतं. इतकी वर्षं मी पाणी सोडताना सावळारामाचं नाव घेत आलो. दोघं एकाच दिवशी गेले, तेव्हा तिथी काही चुकत नाही, पण नाव कुणाचं घेऊ? दोघांची घ्यावीत तर सुदर्शन विचारेल, दुसरा कोण? पोराला मी काय सांगू? ज्याच्या नावानं पन्नास वर्षं जगलो त्याला मला सोडवत नाही. आणि म्हस्कूसाठी तर आजवर कुणी घास टाकलेला नाही, कारण त्याचं कुणी नव्हतं असंच आपण सगळे धरून चाललो. मला भीती वाटते, अक्का. उत्तर कागदावर लिहू नकोस. षष्ठीला तूच ये आणि पानापुढं उभी राहून नाव तू घे. तू घेशील त्याच्या नावानं मी पाणी सोडीन.

तुझाच धाकटा,
संपत